हॉर्स या एका शब्दाचा तक्ता : अभ्यासिकेतल्या कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

अभ्यासिकेच्या भिंतीवरचा इंग्रजी म्हणींचा जुना कागद आज काढला. ए पासून झेड पर्यंत म्हणी, समोर मराठीत एका ओळीचा अर्थ, बस. पोट्टे येतात, पाठ करतात, पेपरच्या आदल्या रात्री पुन्हा पाठ करतात आणि पेपरात चार पर्याय समोर आले की सगळं एकमेकांत मिसळून जाते. तलाठी भरतीत इंग्रजीचे २५ प्रश्न होते, केंद्राच्या नोकरभरतीच्या एसएससी परीक्षेतही इंग्रजी आहेच, म्हणजे हा विषय टाळून चालत नाही.

आता ठरवलं असं की एका वेळी एकच शब्द घ्यायचा आणि त्याचा अख्खा तक्ता करायचा. पहिला शब्द हॉर्स. कारण त्या शब्दाभोवती इंग्रजीत जेवढ्या म्हणी आहेत तेवढ्या फार कमी जनावरांभोवती असतील, आणि दुसरं म्हणजे आपल्या गावात घोडा येतो तो फक्त लग्नात, तोही तालुक्यावरून भाड्यानं, त्यामुळं पोट्ट्यांच्या डोक्यात घोडा म्हटलं की बॅण्ड, झुल आणि वर घाबरलेला नवरदेव एवढंच चित्र आहे. इंग्रजाचा घोडा असा नव्हता ना बाप्पा, तो नांगर ओढायचा, गाडी ओढायचा, गिरणी फिरवायचा, लढाईत जायचा, बाजारात विकला जायचा. ही सगळी कामं आपल्याकडं बैल करतो. तर माझं म्हणणं एवढंच की घोड्याचं काम समजलं की म्हण पाठ करायची गरज पडत नाही. चालते की नाही ते पाहू.

५ ऑगस्ट

मोबाइलवर एक शीट केली. एका कॉलममध्ये म्हण, दुसऱ्यात घोडा तेव्हा कुठं उभा होता ते, तिसऱ्यात अर्थ. अक्षरांच्या क्रमानं लावायचं नाही, जागेप्रमाणं लावायचं : बाजार, रस्ता, रेस, फौज, जहाज, सुतारकाम, मोटर. मोटर ऐकून सगळे हसले पण हॉर्सपॉवर सोडून हॉर्सचा तक्ता होऊच शकत नाही, आणि गावात सगळ्यात जास्त बोलला जाणारा हॉर्स तोच आहे.

रस्त्याचा कप्पा एका बैठकीत झाला, तिथं समजवायला काही उरतच नाही. 'पुटिंग द कार्ट बिफोर द हॉर्स' म्हणजे बंडी समोर आन बैल मागं, हे वाचून एका पोट्टीनं लगेच सांगितलं की आमच्या घरी सोयाबीन विकायच्या आधीच पैसे कुठं लावायचे ते ठरते, ते हेच. 'होल्ड युअर हॉर्सेस' मध्ये घोडे अनेकवचनी आहेत कारण गाडीला जोडी किंवा चार जुपलेले असायचे आणि गाडीवाला लगाम ओढून सगळ्यांना एकदम थांबवायचा, ही अमेरिकेतली बोली आहे, एकोणिसाव्या शतकातली. आपल्यात कासरा ओढायचा. अर्थ : थांब ना बे, घाई कायची.

'डोन्ट चेंज हॉर्सेस इन मिडस्ट्रीम' हीसुद्धा रस्त्याचीच, नदी ओलांडताना मधातच घोडा बदलू नये. १८६४ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना लिंकनला पुन्हा उमेदवारी मिळाली तेव्हा त्यानं एका म्हाताऱ्या डच शेतकऱ्याच्या तोंडची गोष्ट म्हणून हे सांगितलं, तेव्हापासून निवडणुकीत सत्तेवर बसलेला प्रत्येक जण ही म्हण वापरतो. नाल्याला पूर असताना बंडीचे बैल मधात सोडून पाहा, म्हणजे लिंकन समजते.

७ ऑगस्ट

आज बाजाराचा कप्पा. यासाठी आबाजींना बसवलं होतं, त्यांची अर्धी जिंदगी बैलबाजारात गेली आहे. अगोदर म्हणाले मले इंग्रजी कायले शिकवता बे, मग दाताचा विषय काढला तर दोन तास उठले नाही.

'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ'. पोट्ट्यांना ही म्हण पाठ होती, पण घोड्याच्या तोंडात पाहायचं कशाला हे कोणालाच माहीत नव्हतं. आबाजींनी विचारलं, "बैल घेताना पह्यले काय पाह्यतेत?" आणि सगळे एका सुरात, दात! झालं, म्हण सुटली. फुकट भेटलेल्या जनावराचं वय मोजत बसू नये. दिलं ना कोणी, मुकाट्यानं घे.

मग आबाजींनी सविस्तर सांगितलं. बैलाला समोर वरच्या जबड्यात दातच नसतात, खाली आठ असतात, दुधाचे पडून पक्के दात जोडीजोडीनं येतात, म्हणून दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळला. साधारण दोन-सव्वादोन वर्षांला दोन दाती, चारच्या आसपास जुळलेला. त्यापुढं दाताची झीज आणि शिंगाच्या कड्या पाहून अंदाज. घोड्याचं मी वाचून ठेवलं होतं : समोरचे दात वर सहा, खाली सहा, पाच वर्षांपर्यंत सगळे पक्के येतात, त्यानंतर दाताच्या माथ्यावरचा खळगा घासून घासून कमी होत जातो त्यावरून सात-आठ वर्षांपर्यंत सांगता येते, आणि पुढं म्हातारपणी हिरडी मागं सरते, दात लांब दिसायला लागतात. यावरून 'लाँग इन द टूथ', म्हणजे वय झालेला. आबाजी म्हणाले, "म्हंजे माह्यासारखा." खरं तर त्यांना दातच नाहीत.

ही म्हण इंग्रजांची खास नाही हे पण लिहून ठेवतो. साधारण इसवी सन ४०० च्या सुमारास संत जेरोम नावाच्या ख्रिस्ती पंडितानं लॅटिनमध्ये ती वापरली आणि तेव्हाच तो म्हणतो की ही लोकांतली म्हण आहे. इंग्रजीत १५४६ मध्ये जॉन हेवूडच्या म्हणींच्या संग्रहात छापलेली सापडते. आणि आपल्या इकडं हिंदी बोलणारे म्हणतात, दान की बछिया के दांत नहीं गिने जाते. तेच दात, तीच गोष्ट, जनावर फक्त बदललं. जिथं जनावर विकलं जाते तिथं ही म्हण जन्मणारच.

'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ' मी याच कप्प्यात टाकणार होतो, तोंड आहे म्हणून, पण तिची जागा रेसमध्ये आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेसच्या टिपांतून ती आली. कोणता घोडा जिंकणार याची खबर तबेल्यातल्या पोरापासून मिळाली तर भारी, ट्रेनरकडून मिळाली तर अजून भारी, आणि त्याच्याही पुढं कोण, तर खुद्द घोडा. म्हणून पक्की आतली बातमी.

बाजारात शेवटचा शब्द हॉर्स ट्रेडिंग. घोड्याचे व्यापारी लबाडीसाठी जगभर बदनाम, म्हणून त्यांची घासाघीस राजकारणाला चिकटली, आणि आपल्या पेपरांतला घोडेबाजार हे त्याचंच मराठी रूप. पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला तरी हा शब्द काही म्हातारा झाला नाही. आबाजींना विचारलं बैलबाजार का नाही म्हणत, तर म्हणे, "बैल इमानदार रायते."

१० ऑगस्ट, रविवार

आज हॉर्सपॉवर, आणि ते मोटर वायंडिंगच्या दुकानात बसूनच लिहिलं, कारण उदाहरणं तिथं लोळत पडलेली असतात. दुकानात दिवसभर ऐकू येते ते असं, तीनची आहे का पाचची, साडेसातची जळाली, पाचच्याले तीनचा स्टार्टर काऊन लावला. एचपी हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नाही. पाचची म्हणजे पाच घोड्यांची, हे एकाही गिऱ्हाइकाच्या डोक्यात येत नसेल.

जेम्स वॅटनं वाफेचं इंजिन सुधारलं तेव्हा धंद्याची अडचण आली. ज्या खाणीत जुनं इंजिन होतं तिथं हिशोब सोपा, नव्या इंजिनानं जेवढा कोळसा वाचेल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे वॅट आणि त्याच्या भागीदाराला. पण ज्यांच्याकडं इंजिनच नव्हतं, घोडे गिरणी फिरवत होते, त्यांचा कोळसा काय वाचणार? त्यांना सांगावं लागलं की हे एक यंत्र तुमच्या इतक्या घोड्यांएवढं. मग त्यानं घोडा मोजायला घेतला. गिरणीचा घोडा १२ फूट त्रिज्येच्या गोलात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडाच्या जोरानं ओढतो असं धरलं, गुणाकार केला तर मिनिटाला साधारण ३२,५७२ फूट-पौंड येतात, त्यानं सरळ ३३,००० धरले. तोच आकडा आजही आहे. पोट्ट्यांना हा गुणाकार करायला लावला, परीघाचं सूत्र पण घासून झालं.

आपल्या मापात सांगायचं तर १ एचपी म्हणजे सेकंदाला ७६ किलो वजन १ मीटर उचलणं. ५ एचपीची मोटर २० मीटर खोल विहिरीतून सेकंदाला १९ लिटर पाणी काढेल, हे कागदावर, पाइपातलं घर्षण आणि पंपाची झीज धरली की बरंच कमी. वायंडिंगवाल्या भाऊनं जळालेल्या मोटरची प्लेट पुसून दाखवली, त्यावर लिहिलेलं : ५ एचपी, ३.७ किलोवॅट. दोन्ही माप शेजारीशेजारी. म्हणजे एक घोडा ७४६ वॅटचा. गंमत पाहा ना, वॅटनं घोड्याचं माप काढलं आणि पुढं शास्त्रज्ञांनी त्याच्याच नावाचं माप काढून त्याच्या घोड्याला हाकलायचं ठरवलं, पण घोडा काही जाईना.

जाणार कसा? सौर पंपाच्या योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्याच्या वर साडेसात, आणि २०२४ पासून शेतीपंपाला वीजबिल माफ आहे तेही साडेसात एचपीपर्यंत. जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीच्या विलायती गिरणीतला घोडा आपल्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचला आहे. युरोपातला घोडा मात्र थोडा लहान, ७३५.५ वॅटचा, गाड्यांच्या जाहिरातीत पीएस लिहिलेलं असते तो जर्मन घोडा.

एका पोरानं बरोबर प्रश्न विचारला, मग खरा घोडा एकच एचपी देतो का. नाही. वॅटचा आकडा दिवसभराच्या कामाचा आहे. थोड्या वेळासाठी जीव लावून ओढलं तर तगडा घोडा १४-१५ एचपीपर्यंत जातो, १९९३ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी जुन्या ओढण्याच्या स्पर्धांच्या आकड्यांवरून हा हिशोब मांडला. "म्हंजे बंडी चिखलात फसल्यावर बैल काढते तसं," भाऊ म्हणाला. हाव, तेच.

१३ ऑगस्ट

रेसचा कप्पा. इथं मदतीला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आपल्या इकडं तळेगाव दशासरचा पट सगळ्यांना माहीत, मधात बंदी होती, २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यतीला परवानगी देणारा कायदा मान्य केला तेव्हापासून पुन्हा जोरात आहे.

'डार्क हॉर्स'. सगळ्यांना वाटायचं काळा घोडा म्हणजे काहीतरी वाईट, कपटी. इथं डार्कचा रंगाशी संबंध नाही, अंधारात असलेला, ज्याच्याबद्दल कोणालाच काही माहीत नाही तो. पटावर कुठल्यातरी लांबच्या गावची जोडी येते, कोणी नाव ऐकलेलं नसते आणि सगळ्यांना मागं टाकून जाते, ती जोडी डार्क हॉर्स. १८३१ मध्ये डिझरायलीनं, जो पुढं ब्रिटनचा पंतप्रधान झाला, आपल्या कादंबरीत रेसच्या वर्णनात हा शब्द वापरला. राजकारणात तो १८४४ मध्ये घुसला, अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मोठमोठे उमेदवार एकमेकांना अडवत बसले आणि नवव्या फेरीत जेम्स पोक नावाचा माणूस, ज्याचं नाव सुरुवातीला कोणाच्या तोंडी नव्हतं, उमेदवार झाला आणि मग राष्ट्राध्यक्ष पण झाला. आपल्या ग्रामपंचायतीत आरक्षण सोडत निघते तेव्हा दर वेळी एखादा पोक निघतोच.

'हॉर्सेस फॉर कोर्सेस' : प्रत्येक मैदान वेगळं, कुठं वळण जास्त, कुठं माती नरम, त्या मैदानाला चालणारा घोडा निवडा. 'बॅक द रॉंग हॉर्स' : हरणाऱ्यावर पैसे लावणं. 'टू हॉर्स रेस' : दोघांतच लढत, बाकीचे नुसते फॉर्म भरलेले. ह्या तीन लिहायला पाच मिनिटं लागली. पण 'वन हॉर्स टाउन' याच कप्प्यात नाही जात हे ध्यानात ठेवावं, ते रस्त्यातलं, इतकं लहान गाव की एका घोड्यात भागते.

१६ ऑगस्ट

झड लागली आहे, फवारणी थांबली, म्हणून अभ्यासिका भरलेली. जहाजाचा कप्पा लिहिला.

'फ्लॉगिंग अ डेड हॉर्स', मेलेल्या घोड्याला चाबूक मारणं. सरळ अर्थ तर कळतोच, पण खलाशांची एक गोष्ट वेगळी आहे. जहाजावर चढताना पहिल्या महिन्याचा पगार उचल म्हणून मिळायचा आणि तो बंदरातच उडून जायचा, मग महिनाभर काम करायचं पण हातात काही नाही, त्याला ते डेड हॉर्सचं काम म्हणायचे. महिना संपला की गवत भरलेला घोडा करून वर टांगायचे आणि समुद्रात सोडून द्यायचे, मोठा जल्लोष. हे सांगितल्यावर खोली एकदम गप्प झाली. उचल घेऊन ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जाणारी घरं आपल्यातच आहेत, तिथं हे वेगळं समजवावं लागलं नाही. फक्त आपल्याकडं घोडा एका महिन्यात मरत नाही.

'व्हाइट हॉर्सेस' म्हणजे समुद्राच्या लाटांवरचा पांढरा फेस. अर्ध्या पोट्ट्यांनी समुद्र पाहिलेला नाही, मी एक व्हिडिओ दाखवला आणि पुढं गेलो.

१९ ऑगस्ट

आज पोट्ट्यांना उलटं काम दिलं, इंग्रजी म्हणीसमोर मराठी म्हण लावा. गाइडमध्ये अशा जोड्या ठोकून दिलेल्या असतात आणि तिथंच गडबड होते असं माझं मत आहे. नीट जुळत असेल तर लावायची, नसेल तर जागा रिकामी सोडायची.

पहिली जोडी : घोडा पळाल्यावर तबेल्याचं दार लावणं, समोर वरातीमागून घोडं. दोन्हीत उशीर आहे, उत्तर म्हणून परीक्षेत चालते. पण फरक पाहा. आपल्यात वरात निघून गेली आणि घोडं मागून आलं, म्हणजे जी वस्तू पाहिजे होती तीच वेळेवर नाही. तिकडं मालक झोपला होता आणि घोडा गेला. जुन्या इंग्रजीत तर घोडा पळत नव्हता, चोरीला जायचा, ही म्हण मध्ययुगापासूनची आहे आणि घोडाचोरी तेव्हा मोठी चोरी. म्हणजे विमा काढायच्या आधी पीक वाहून गेलं तर इंग्रजी म्हण, आणि पीक वाहून गेल्यावर हवामानाचा मेसेज आला तर मराठी म्हण. या उदाहरणावर एकमत झालं.

'हाय हॉर्स' वर भांडण झालं. एकजण म्हणे हरभऱ्याच्या झाडावर चढणं. दुसरी म्हणे नाही, हरभऱ्याच्या झाडावर दुसरे लोक चढवतात, फुगवून फुगवून, हाय हॉर्सवर माणूस स्वतःच बसतो आणि वरून सगळ्यांना शहाणपण शिकवतो. ती बरोबर होती. उंच घोडे पूर्वी सरदारांकडं असायचे, त्यांच्याशी बोलताना बाकीच्यांना मान वर करावी लागे, तिथून ही म्हण. जागा रिकामी सोडली. मग कोणीतरी म्हणालं, शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांच्या चुका काढणाऱ्याचं नाव लिहू का तिथं, ते नाही लिहू दिलं.

'यू कॅन लीड अ हॉर्स टू वॉटर', म्हणजे घोड्याला पाण्यापर्यंत नेता येते, जबरदस्तीनं पाजता येत नाही. तिच्यासमोर गाइडात पालथ्या घड्यावर पाणी आहे. मला पटत नाही. पालथ्या घड्यात पाणी जाऊच शकत नाही, घोडा पिऊ शकतो पण पीत नाही, त्याची मर्जी. ही म्हण ११७५ च्या आसपासच्या एका धर्मोपदेशात सापडते, म्हणजे इंग्रजीतल्या सगळ्यात जुन्या म्हणींपैकी एक, आणि तिथंही भर स्वतःच्या इच्छेवरच आहे. आपल्याकडं बैल पाण्यावर नेला की शीळ घालतात आणि तो पितो, सगळ्यांनी लहानपणी घातलेली आहे, पण पोट भरलेलं असेल तर कितीही शीळ घाला. ही जागासुद्धा रिकामी.

मग उलट्या बाजूनं निघालो, मराठीत घोडा आहे पण इंग्रजीत नाही अशा. घोडं कुठं पेंड खाते म्हणजे काम कुठं अडलं. घोडं गंगेत न्हालं, एकदाचं काम पार पडलं. घोडा मैदान जवळच आहे, लवकरच कळेल काय ते. आपलंच घोडं दामटणं. बंदुकीचा घोडा, बुद्धिबळातला घोडा, इंग्रजीत दोन्हीकडं घोडा नाही, बुद्धिबळात तर घोड्यावरचा माणूस मोजतात, घोडा नाही. आणि घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, तिन्हीचं उत्तर एक, फिरवलं नाही म्हणून. हे कोणी इंग्रजीत करून दाखवावं, तिथं तिन्ही गोष्टींना एक क्रियापद लागतच नाही.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला, आज तान्हा पोळा. अभ्यासिका बंद, पण नोंद करायची म्हणून करतो, कारण तक्त्यातला माझा सगळ्यात आवडता शब्द आजच समजवता आला.

लेकरं चाकाचा लाकडी नंदी सजवून घेऊन निघाली होती, सिंदी रेल्वे या गावचे नंदी तर माणसापेक्षा उंच असतात, आमच्याकडचे हातभर. इंग्रजीत हॉबी हे एका लहान चणीच्या घोड्याचं जुनं नाव, घोड्याला लाडानं हाक मारायचं नाव. मग लेकरांचा खेळण्यातला घोडा, काठीला घोड्याचं तोंड लावलेलं, त्याला हॉबी हॉर्स म्हणू लागले. लेकरू दिवसभर त्यावर टांग टाकून फिरते, कुठं जात नाही, पण मजा येते, म्हणून ज्या गोष्टीच्या माणूस असाच मागं लागतो ती त्याची हॉबी हॉर्स झाली, आणि पुढं हॉर्स गळून नुसती हॉबी राहिली. बायोडाटात हॉबीज लिहितो ना आपण, वाचन, क्रिकेट, ते सगळे लाकडी घोडेच. आपलंच घोडं दामटणं ही म्हण इथं शेजारी लावता येते कारण इंग्रजीत हॉबी हॉर्सचा अजून एक अर्थ, माणूस ज्या विषयावर पुन्हा पुन्हा येतो तो विषय. १९ तारखेला रिकामी राहिलेली एक जागा भरली.

माझ्या पुतणीनं नंदीला मोबाइलचा जुना हेडफोन घातला होता.

२९ ऑगस्ट

फौजेचा कप्पा. सकाळी रोडवर धावणारी भरतीची पोरं याच्यासाठी थांबली.

'पूना हॉर्स' हे नाव ऐकून त्यांना वाटलं घोड्यांची तुकडी असेल. ती रणगाड्यांची रेजिमेंट आहे. १९६५ च्या लढाईत लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघंही याच रेजिमेंटचे, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. हॉडसन्स हॉर्स, सिंद हॉर्स, डेक्कन हॉर्स, सेंट्रल इंडिया हॉर्स, सगळ्या घोडदळातून रणगाड्यांत आलेल्या, नाव मात्र घोड्याचंच. खरे घोडे ठेवणारी रेजिमेंट जयपूरची ६१ कॅव्हलरी.

इथं व्याकरणाचा एक मुद्दा आहे. हॉर्स हा शब्द फौजेत अनेकवचनातही एस न लावता येतो, 'अ थाउजंड हॉर्स' म्हणजे हजार घोडेस्वार. कारण जुन्या इंग्रजीत या शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच होतं. आपणही म्हणतो, हजार घोडं पडलं होतं.

याच रेजिमेंटांमध्ये पहिल्या महायुद्धापर्यंत सिलेदार पद्धत होती, स्वार स्वतःचा घोडा आणायचा. हा शब्द आपला शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळायचा तो बारगीर, आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर गेल्या तेव्हा तिथल्या लोकांनी सगळ्यांनाच बर्गी म्हटलं, तिकडं लेकराला झोपवायच्या गाण्यात अजून बर्गी आले म्हणून भेव दाखवतात. भरतीच्या पोरांना हे फार आवडलं, मला थोडं अवघडल्यासारखं झालं, लेकरं ज्याच्या नावानं भितात त्यात अभिमान किती ठेवायचा. तक्त्यात घेतलं नाही, ते हॉर्सचं नाही, आपलं आहे.

'स्टॉकिंग हॉर्स' शिकारीतलं असूनही इथंच टाकलं, जागा नव्हती. पाखरं घोड्याला भीत नाहीत, म्हणून शिकारी घोड्याच्या आडून सरकत जायचा. राजकारणात जो दुसऱ्याच्या फायद्यासाठी पुढं उभा केला जातो तो. हे समजवायला गावातलं उदाहरण होतं, पण ते भिंतीवर लिहिण्यासारखं नाही.

३ सप्टेंबर

आज उरलेसुरले. 'हॉर्स चेस्टनट', 'हॉर्सरॅडिश', यांच्यात घोडा नाहीच, हॉर्सचा अर्थ मोठा, जाडाभरडा. आणि हे मराठीला नवीन नाही : घोडचूक, घोडनवरा. घोडचुकीत कुठला घोडा आलाय? मोठी चूक. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता घोड्याचा तोच उपयोग केला, हे मला सगळ्या तक्त्यात भारी वाटलं. पण 'हॉर्सफ्लाय' त्यात बसत नाही, ती माशी खरोखर घोड्याला चावते, जशी आपली गोमाशी.

सुतारकाम : सुताराची घोडी, ज्यावर लाकूड ठेवून कापतात, तिला इंग्रजीत सॉहॉर्स. चार पाय आणि पाठ असली की झाला घोडा, इथंही तेच. कपडे वाळवायच्या स्टँडला क्लोद्स हॉर्स म्हणतात, आपल्याकडं वलणी, तिला पाय नाहीत म्हणून बिचारीला घोडी कोणी म्हटलं नाही. नुसते कपडे मिरवत फिरणाऱ्यालाही क्लोद्स हॉर्सच.

आयर्न हॉर्स म्हणजे रेल्वेचं इंजिन. मूर्तिजापूर-यवतमाळच्या छोट्या शकुंतला गाडीला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, आबाजींच्या पिढीनं तो लोखंडी घोडा पाहिलेला, पोट्ट्यांनी रुळ पाहिले आहेत.

'चार्ली हॉर्स' म्हणजे पायात गोळा येणं, अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांची एकोणिसाव्या शतकातली बोली. हा कुठल्याच कप्प्यात जात नाही. माझ्या जागेच्या पद्धतीला इथं अर्थच राहत नाही, हे एकच पाठ करा म्हणून लाल पेननं लिहिलं. भरतीच्या पोरांना लगेच पाठ झालं, रोज होते त्यांना.

८ सप्टेंबर

प्रिंटसाठी तालुक्यावर गेलो. झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर बंद, म्हणे व्हायरस शिरला, पेनड्राइव्ह लावू नका. तिथंच बसून शेवटची म्हण फायनल केली, 'ट्रोजन हॉर्स'. ग्रीकांनी ट्रॉय शहराच्या वेशीबाहेर लाकडी घोडा ठेवला, आत सैनिक, शहरवाल्यांनी भेट समजून आत ओढून घेतला, रात्री सैनिक उतरले आणि दार उघडलं. कॉम्प्युटरमध्येही तेच, प्रोग्राम कामाचा दिसतो, आपणच आत घेतो. आपल्या मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाइल, म्हणजे अॅप बसवणारी फाइल येते, उघडली की खातं साफ, ती ट्रोजन हॉर्स. तक्त्यात हे मोठ्या अक्षरात घेतलं, परीक्षेला येवो न येवो. आणि गिफ्ट हॉर्सच्या अगदी शेजारी लावलं, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की एक म्हण म्हणते भेटीच्या तोंडात पाहू नका आणि दुसरी म्हणते पोट फाडून पाहा.

दुसऱ्या दुकानात ए-थ्रीच्या चार शीट काढल्या, चिकटवून एक. लॅमिनेशन महाग पडते, तूर्त प्लास्टिक लावू. पुढच्या तक्त्याला पोट्टे कुत्रा म्हणून राह्यले, मी गाय म्हणतो. रविवारी ठरवू.